कंबरदुखी हटत नाही आणि रक्तही कमी दाखवतंय? मग हे बघा

आपल्याकडे कंबर धरली की निदान घरातच होतं, उसण भरली. आंब्याच्या पेट्या उचलल्या, लावणीला दिवसभर वाकलो, कारणं काय कमी आहेत का, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मल्टिपल मायलोमा म्हणून एक रक्ताचा कॅन्सर आहे, त्यात हाडांच्या मज्जेतल्या प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात, तो जास्त करून पन्नाशी-साठीनंतर होतो आणि पुष्कळदा सुरुवात अशीच, पाठदुखीनेच.

उसण असेल तर शेक-तेलाने आठ-पंधरा दिवसांत उतरते. मायलोमाचं दुखणं महिना झाला तरी जात नाही, कुशीवर वळताना पाठीत नाहीतर बरगडीत कळ येते, कधी तर नुसती कळशी उचलल्याचं निमित्त होऊन मणका दबतो. तरी एकट्या दुखण्यावरून घाबरू नका, जोडीला काय आहे ते बघा. पाखाडी चढताना धाप, चेहरा पांढुरका, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन दहाच्या खालीच, परत परत न्यूमोनिया, लघवीला फेस. रक्तात कॅल्शियम वाढलं की तहान, बद्धकोष्ठ आणि बोलण्यात गोंधळ, याला आपण म्हातारचळ म्हणून मोकळे होतो.

करायचं काय, तर पिशवीतले जुने रिपोर्ट काढून तारखेप्रमाणे लावा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (अंगात सूज असली की वाढणारा आकडा), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं), कॅल्शियम, टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन, सगळ्या साध्या रक्ताच्या टेस्ट आहेत. ईएसआर टीबीतही वाढतो, संधिवातातही, त्यामुळे तेवढ्यावर काही ठरत नाही, पण ईएसआर शंभरच्या घरात, टोटल प्रोटीन जास्त असून अल्ब्युमिन कमी, क्रिएटिनिन दरवेळी थोडं वर, असं एकत्र दिसलं तर डॉक्टरांना सरळ विचारा की प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघायची टेस्ट, करायची का. बोन मॅरो (हाडातल्या मज्जेची तपासणी) वगैरे पुढचं हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांचे डॉक्टर, ठरवतील, मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जायचं झालं तरी ही फाईल उपयोगी पडतेच.

आणि तोपर्यंत मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून स्वतःच्या मनाने खाऊ घालू नका, या आजारात किडनी आधीच धोक्यात असते, त्यात ही भर.

पायातली ताकद गेली, बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली तर मणक्यातली नस दाबली जात असू शकते, तेव्हा गणपती झाले की बघू असं चालत नाही, त्याच दिवशी गाडी करून एमआरआयची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल गाठायचं.