पडझडीला आलेल्या वस्तीची पंक कविता कशी लिहावी आणि सादर करावी

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील पंक (वेगवान, बंडखोर रॉक संगीत) कार्यक्रमांत दोन बँडांच्या मधल्या वेळेत एखादा कवी एकटाच माईकसमोर उभा राहत असे. समोरचे लोक कविता ऐकायला आलेले नसत, त्यामुळे पहिल्या दोन ओळींतच त्यांना पकडावे लागे. पंक कवितेची वैशिष्ट्ये याच अडचणीतून घडली, आणि इंग्लंडमधल्याच सॅलफर्ड शहरातला कवी जॉन कूपर क्लार्क याची ‘बीझ्ली स्ट्रीट’ (१९८०) ही कविता त्यांचा उत्तम नमुना आहे.

लेखनाआधी एकच रस्ता निवडावा आणि तिथल्या वस्तू टिपून ठेवाव्यात: भिंतीवर चढलेली ओल, खिळे ठोकून बंद केलेली खिडकी, जिन्यातला वास, दारावर चिकटवलेली थकबाकीची नोटीस. ‘गरिबी’, ‘दुःख’, ‘वेदना’ हे शब्द कवितेत येऊच देऊ नयेत, कारण ते श्रोत्याला हळहळण्याची सोय करून देतात आणि वस्तूंकडे पाहण्यातून त्याची सुटका करतात. मात्र निव्वळ घाणीची यादी केली, तर तिथे राहणाऱ्यांचाच अपमान होतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. म्हणून पडझडीला जबाबदार कोण, हेही कवितेत आले पाहिजे: घराची डागडुजी न करणारा मालक, बंद पडलेला कारखाना, निधी कापणारे सरकार. क्लार्कने तर कीथ जोसेफ या तत्कालीन ब्रिटिश मंत्र्याचे नाव थेट कवितेत घेतले.

ओळी आखूड ठेवाव्यात. आठ-आठ मात्रांचे तुकडे आणि ठसठशीत यमक असले की वेग आपोआप येतो. रस्त्याचे नाव प्रत्येक कडव्याच्या शेवटी ध्रुवपदासारखे आणावे.

सादरीकरणासाठी कविता पाठच हवी. आवाजात कळवळा आणू नये. सपाट, भरधाव म्हणावी आणि श्वास फक्त ध्रुवपदानंतर घ्यावा. एका श्वासात कडवे संपत नसेल, तर वेग कमी करण्याऐवजी ओळ कापावी. सराव शांत खोलीत न करता रेडिओ मोठ्याने लावून करावा, म्हणजे कोणती व्यंजने गोंगाटात बुडतात ते कळते; असे शब्द बदलावेत. कार्यक्रमात कोणी मध्येच ओरडले, तर वाद न घालता पुढच्या कडव्याची पहिली ओळ चढ्या आवाजात उचलावी, आणि त्यासाठी प्रत्येक कडवे मागच्या कडव्याच्या आधाराविना समजेल असेच रचलेले असावे.