परीक्षक म्हणून पहिलं बोलावणं आलं, तर

गेल्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. मूळची साताऱ्याची, अमेरिकेत स्वतःची लॅब सुरू करून जेमतेम दोन वर्षं झालेली. एनआयएच (नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ) या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या स्टडी सेक्शनवर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या अनुदानासाठी आलेले अर्ज तपासणाऱ्या समितीवर, तिला पहिल्यांदाच बोलावलं होतं. "ताई, हो कळवू ना? आणि काय काय सांभाळायचं असतं?" मी अशा समितीवर चार वर्षं होते, क्षयरोग आणि प्रतिकारशक्ती या विषयातले अर्ज वाचत होते. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

नियमांची यादी लांब आहे. पण त्यातले बहुतेक नियम एकच प्रश्न विचारतात: अर्ज करणाऱ्या माणसाशी तुमचं नातं काय? याचं उत्तर फाइल उघडण्याआधी द्यायचं. वाचून झाल्यावर दिलेल्या उत्तराला फारशी किंमत उरत नाही.

आधी नेमणुकीचं सांगते. समितीचा सगळा कारभार सायंटिफिक रिव्ह्यू ऑफिसर पाहतात, त्यांना सगळे एसआरओ म्हणतात. कोणाला बोलवायचं, कोणता अर्ज कोणाकडे द्यायचा, कोणत्या अर्जाच्या वेळी कोणी बाहेर थांबायचं, हे तेच ठरवतात. मला अमुक परीक्षक द्या, असं अर्जदाराला सुचवता येत नाही. नवीन माणसाला बहुधा आधी एखाद्या बैठकीपुरतं तात्पुरतं बोलावतात. तुम्ही मन लावून वाचता का, वेळेत लिहिता का, दुसऱ्याचं ऐकून घेता का, हे त्यात कळतं. नियमित सभासदाची मुदत साधारण चार वर्षांची, वर्षाला तीन बैठका, सुरुवात १ जुलैला. अशा गटात सरकारी नोकर एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नयेत, हे कायद्याच्या नियमातच आहे. लॅब नुकतीच सुरू केलेल्यांसाठी अर्ली करिअर रिव्ह्यूअर हा वेगळा कार्यक्रम आहे, त्यात थोडेच अर्ज देतात. साताऱ्याच्या मुलीला बोलावणं आलं ते त्यातूनच. मी तिला म्हटलं, हो म्हण, पण आधी कॅलेंडर उघड. मला एका अर्जाला सहा ते आठ तास लागायचे. तेवढे तास नसतील तर नम्रपणे नाही म्हणावं. समोरच्याने सहा-सहा महिने खपून लिहिलेला अर्ज आपण विमानात चाळायचा, हे मला कधीच पटलं नाही.

आता नात्यांचं. अर्जांची आणि अर्जदारांची यादी आली, की मजकूर उघडण्याआधी स्वतःचा एक कागद तयार करा. गेल्या तीन वर्षांत ज्यांच्याबरोबर पेपर छापला, ज्यांच्याबरोबर ग्रँट आहे, जे तुमचे विद्यार्थी किंवा मार्गदर्शक होते, त्या सगळ्यांची नावं त्यात लिहा. एनआयएचचा नियमही तीन वर्षांचाच आहे. मग पैसे: अर्जदाराकडून किंवा त्याच्या संस्थेकडून वर्षाला १०,००० डॉलरपेक्षा जास्त मिळत असतील तर बाजूला व्हायचं. त्या अर्जातून तुमचा थेट आर्थिक फायदा होणार असेल, तर रक्कम कितीही लहान असो. मग नोकरी: तुमच्याच संस्थेतला अर्ज तुम्ही पाहायचा नाही. मग घर: आईवडील, नवरा-बायको किंवा जोडीदार, भावंडं, मुलं.

हा कागद मी पहिल्या खेपेला केला नव्हता. आठवणीवर विसंबले. एका अर्जात मुख्य संशोधकाचं नाव अनोळखी होतं म्हणून निर्धास्तपणे वाचायला घेतला आणि दोन तासांनी सहकाऱ्यांच्या बायोस्केचमध्ये, म्हणजे अर्जाला जोडलेल्या थोडक्यातल्या परिचयांमध्ये, एक ओळखीचं नाव दिसलं. अडीच वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी एकत्र पेपर छापला होता. मी त्याच मिनिटाला वाचन थांबवून एसआरओंना मेल केला. अर्ज दुसऱ्याकडे गेला, पण बैठकीला दहाच दिवस उरले होते. ज्या परीक्षकाला तो मिळाला त्याने तो घाईत वाचला असेल, आणि त्या घाईचं कारण मी होते. हे अजून मनाला लागून आहे. म्हणून सांगते, नुसतं मुख्य अर्जदाराचं नाव पाहू नका. सहसंशोधक, सल्लागार, शिफारसपत्रं देणारे, सगळी नावं तुमच्या कागदाशी ताडून पाहा.

आपल्या लोकांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. नियमातल्या नातेवाइकांच्या यादीत मामेभाऊ नाही, साडू नाही, वहिनी नाही. आपल्याकडे मात्र मामेभाऊ सख्ख्या भावाच्या जागी असतो. तसंच गुरूचं. ज्या सरांनी मिरजेच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत मला पहिल्यांदा काचपट्टीवर क्षयाचे जंतू दाखवले, त्यांचं ऋण तीन वर्षांत फिटलं, असं मला म्हणता येईल का? नियमात यासाठीही जागा आहे. एखाद्या त्रयस्थ माणसाला तुमच्या निःपक्षपातीपणाची शंका यावी अशी परिस्थिती असेल, तर तीही कळवायची असते. निर्णय आपण घ्यायचा नाही, एसआरओंना सांगायचं आणि ते म्हणतील तसं करायचं. भांडणही कळवायचं. ज्याच्याशी तुमचा वैज्ञानिक वाद चिघळला आहे, त्याचा अर्ज आपण न्यायाने पाहू, असं प्रत्येकालाच वाटत असतं.

ज्याच्या अर्जाशी संबंध आहे तो खोलीबाहेर गेला की काम संपलं, असं मीही समजत होते. स्वीडनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास वाचून तो समज गेला. क्रिस्टिन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड या दोघी गोटेबर्गच्या संशोधिका. १९९५ मध्ये त्या कौन्सिलकडे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, फेलोशिपसाठी ११४ अर्ज आले होते, ६२ पुरुषांचे आणि ५२ स्त्रियांचे. निवडले गेले २०, त्यात स्त्रिया चार. परीक्षकांनी दिलेले गुण गोपनीय होते. या दोघींनी कोर्टात दाद मागून ते मिळवले आणि प्रत्येक अर्जदाराच्या प्रकाशनांशी ताडून पाहिले. १९९७ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात निष्कर्ष छापले. पुरुषाइतकेच गुण मिळायला स्त्रीला अडीच पट कामगिरी दाखवावी लागत होती. आणि ज्यांचा समितीतल्या कोणाशी संबंध होता, त्यांनाही जास्त गुण मिळाले होते. तिथेही नियम होताच, संबंध असलेल्या परीक्षकाने त्या अर्जाला गुण द्यायचे नाहीत. त्याने ते दिलेही नव्हते. वाढीव गुण दिले ते बाकीच्यांनी, ज्यांचा त्या अर्जदाराशी काही संबंध नव्हता त्यांनी.

यातून मी स्वतःला दोन सवयी लावल्या. सहकारी बाहेर गेला की त्याचा चेहरा डोळ्यांसमोरून काढायचा, म्हणजे प्रत्यक्षात असं: त्याचा ज्याच्याशी संबंध आहे त्या अर्जाचे माझे मुद्दे बैठकीआधीच पूर्ण लिहून ठेवायचे आणि चर्चेत सौम्य शब्द तोंडी यायला लागले, तर लिहिलेलं पुन्हा वाचायचं. दुसरी सवय, मी बाहेर गेले असेन तर परत आल्यावर 'कसं झालं?' हे नजरेनेही विचारायचं नाही.

गोपनीयतेत आपली माणसं सर्वांत जास्त अडकतात ती घरच्या वर्तुळात. परीक्षकांच्या नावांची यादी बैठकीच्या ३० दिवस आधी जाहीर होते, त्यामुळे तुम्ही कुठल्या समितीवर आहात हे गुपित नसतं. गणपतीत महाराष्ट्र मंडळात एका ओळखीच्या काकूंनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या जावयाचा अर्ज आमच्या समितीत होता की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. मी "मी नाही पाहिला त्यांचा अर्ज" असं म्हणणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की हेही सांगायचं नसतं. 'मी नाही पाहिला' म्हणजे 'दुसऱ्या कोणीतरी पाहिला'. तेव्हापासून माझं एकच वाक्य ठरलेलं आहे आणि ते मी सगळ्यांना सारखंच म्हणते: "काकू, यावर मला हो किंवा नाही काहीच म्हणता येत नाही. त्यांनी एसआरओंना विचारलं तर ते नीट सांगतील." मग प्रसादाचं ताट हातात घेते आणि विषय बदलते. काकू त्या दिवशी थोड्या रुसल्या होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा प्रेमाने बोलल्या. अर्जदाराने स्वतःच फोन केला तर मात्र गोष्ट गंभीर. नियमाने त्याला परीक्षकाशी संपर्क करता येत नाही. तो फोन आला हे त्याच दिवशी एसआरओंना कळवा, माणूस कितीही भला असला तरी.

वाचताना अर्ज कोणाच्याही हाती द्यायचा नाही, हुशार पोस्टडॉकच्याही नाही. चॅटबॉटमध्ये तर मुळीच टाकायचा नाही. जून २०२३ मध्ये एनआयएचने परीक्षणासाठी असल्या साधनांचा वापर स्पष्टपणे बंद केला आहे. इंग्रजी सुधारण्यासाठी जरी वापरलंत, तरी दुसऱ्याची न छापलेली कल्पना तुम्ही एका अनोळखी संगणकावर पाठवलेली असते. तुमच्या इंग्रजीची कोणी परीक्षा घेत नाही. साधी, खरी, छोटी वाक्यं लिहा.

गुण १ ते ९, त्यात १ सर्वोत्तम. सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढून दहाने गुणतात, म्हणून अंतिम आकडा १० ते ९० मध्ये पडतो. २५ जानेवारी २०२५ पासूनच्या बहुतेक संशोधन अर्जांना नवी, सुटसुटीत चौकट आहे. प्रश्नाचं महत्त्व आणि कामाचा काटेकोरपणा यांना गुण द्यायचे, माणसं आणि साधनसामग्री पुरेशी आहे की नाही एवढंच सांगायचं. मला हा बदल मनापासून आवडला. मोठ्या विद्यापीठाच्या नुसत्या नावाला पूर्वी जो गुण मिळून जायचा, त्याची वाट थोडी तरी अरुंद झाली. तुम्ही लिहिलेलं अर्जदाराला शब्दशः मिळतं, तेव्हा उणीव दाखवताना पान आणि प्रयोग सांगा. 'फारसं उत्साहवर्धक नाही' या शब्दांचा कोणाला उपयोग होत नाही. 'दुसऱ्या उद्दिष्टात सहा उंदरांवरून हा निष्कर्ष निघणार नाही' याचा होतो.

अर्जातली एखादी कल्पना तुमच्या स्वतःच्या योजनेसारखी निघाली, तर? मला असं एकदा झालं. यादीतलं शीर्षक पाहूनच शंका आली, म्हणून वाचण्याआधी माझ्या वहीतल्या योजनेच्या पानावर तारीख घातली आणि एसआरओंना फोन केला. त्यांनी अर्ज काढून घेतला. माझ्या प्रयोगाबद्दल पुढे कोणाच्या मनात किंतू आला असता, तर ती तारीख आणि तो फोन दोन्ही नोंदीत होते.

बैठक संपली की संबंध जाहीर केल्याच्या आणि गोपनीयतेच्या प्रमाणपत्रावर पुन्हा सही होते. ती मी सवड काढून, पूर्ण वाचून करायचे. मग लॅपटॉपवरच्या फाइल्स पुसायच्या, टिपणांचे कागद श्रेडरमध्ये घालायचे. आणि आठवड्याने भांडी घासताना अचानक आठवलं, की अमुक अर्जातल्या त्या सल्लागाराबरोबर आपण एका कार्यशाळेचं आयोजन केलं होतं, तर हात पुसून त्याच संध्याकाळी एसआरओंना मेल लिहायचा.