संडासच्या जागेला गाठ लागतेय पण दुखत नाही, मग काय समजायचं?

आपल्याकडं तिथं काहीही हाताला लागलं की माणूस स्वतःच ठरवून टाकतो, मूळव्याध झाली. मग मेडिकलमधनं मलम, मटण बंद, आणि भिंतीवर रंगवलेलं 'बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात गॅरंटी' वाचून तिकडं वळायचं. अरे पण आधी बघा तरी काय आहे ते, न दुखणारी गाठ पाच-सात प्रकारची असू शकते आणि प्रत्येकीचं औषध वेगळं.

आधी बघायचं कसं. आंघोळीच्या वेळी जागा धुवून उकिडवं बसा, खाली छोटा आरसा नाहीतर मोबाईलचा कॅमेरा धरा. बोटानं हलकं चाचपा, मऊ आहे का टणक, कातडीच्या रंगाची का लालसर, आणि मेन म्हणजे ती बाहेरच्या कातडीवर आहे का आतनं बाहेर आल्यासारखी. संडासला जोर केल्यावरच येते का, आपोआप आत जाते का बोटानं ढकलावी लागते, हे पण लक्षात ठेवा, डॉक्टर हेच विचारणार. दाबून पिळायची नाही, दोरा बांधायचा नाही, ब्लेड लावायचं नाही, आणि चामखिळीला लावतात तसा चुना तर बिलकुल नको, तिथली कातडी भाजून निघते.

आता दुखत का नाही ते बघा. गुदद्वाराच्या नळीच्या आतल्या वरच्या भागाला कापल्या-टोचल्याचं फारसं कळतच नाही, खालच्या कातडीला मात्र कळतं. म्हणून आतली मूळव्याध बिनदुखता लालभडक रक्त टाकते, आणि वाढली की मोड बाहेर येतो. आपोआप आत गेला तर दुसरी स्टेज, बोटानं ढकलावा लागला तर तिसरी, बाहेरच राहिला तर चौथी. बाहेरच्या मूळव्याधीत रक्त गोठलं तर मात्र निळसर टणक गाठ येते आणि बसवत नाही इतकी दुखते, ते प्रकरण वेगळं.

पण बऱ्याच जणांची गाठ म्हणजे नुसता कातडीचा कोंब असतो. पूर्वी कधीतरी फिशर म्हणजे चीर पडलेली असते, किंवा ते गोठलेलं रक्त जिरलेलं असतं, बाळंतपणानंतरही राहतो, आणि मागं लोंबती कातडी उरते. मऊ असतो, रंग कातडीचाच, रक्त वगैरे काही नाही. याला काही करायची गरज नसते, धुताना अडचण होत असेल तर काढतात. मलमानं तो जाणार नाही, कितीही ट्यूबा संपवा.

कातडीखाली गोल सरकणारी गाठ असेल तर चरबीची किंवा सिस्ट म्हणजे आत मळ साठलेली पिशवी, सिस्टवर कधी कधी बारीक काळा ठिपका दिसतो. फोडासारखा छोटा उंचवटा, त्यातनं मधनं मधनं पाणी-पू येऊन चड्डीला डाग, आणि आधी तिथं गळू फुटलेलं, तर भगंदराचा, म्हणजे आतनं कातडीपर्यंत पडलेल्या नळीसारख्या वाटेचा संशय घ्या, ते मलमानं किंवा गोळ्यांनी बंद होत नाही.

मग चामखिळी. बारीक बारीक, खडबडीत, फुलकोबीसारख्या वाढत जातात. हा एचपीव्ही व्हायरस, बहुतेक वेळा ६ आणि ११ नंबरचा प्रकार, संबंधातनं आणि कातडीला कातडी लागून पसरतो, आणि त्यासाठी मागनंच संबंध आलेला असावा लागतो असं काही नाही, त्यामुळं लगेच कुणावर संशय घेत बसू नका. ओलसर, चपट्या, न दुखणाऱ्या गाठी सिफिलिस या संबंधातनं पसरणाऱ्या रोगातपण येतात, म्हणून त्याची व्हीडीआरएल आणि एचआयव्हीची रक्ततपासणी सांगितली तर रागावू नका.

कॅन्सर? या जागेचा कॅन्सर कमी आढळतो पण असतो, आणि सुरुवातीला दुखेलच असं नाही. गाठ टणक आणि वाढतेय, वर जखम आहे आणि ती भरत नाही, रक्त जातंय, जांघेत गाठ आलीय, वजन उतरलंय किंवा संडासची सवय बदललीय, यातलं एक जरी असलं तर मूळव्याध समजून महिने काढू नका. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना रक्त जात असेल तर दुर्बिणीची तपासणी सांगतात, ती टाळू नका. गाठ लाल, गरम, दुखरी होऊन ताप आला किंवा बाहेर आलेला मोड काळा पडला तर त्याच दिवशी जा. लहान पोराच्या संडासच्या जागेतनं लाल गोळा बाहेर येत असेल तर तो आतला पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब किंवा आतडं खाली उतरलेलं असू शकतं, पोराला घेऊन सर्जनकडंच जा.

तोपर्यंत घरी काय करायचं, तर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसणं, पाणी, भाजी, ज्वारीची भाकरी, रात्री इसबगोल ग्लासभर पाण्यातनं, आणि मोबाईल घेऊन संडासात बसायचं बंद. तांबड्या रश्श्यानं मोड येत नाही, चीर असेल तर झोंबेल एवढंच, उगाच रश्श्याला बदनाम करू नका.

जायचं कुणाकडं, तर जनरल सर्जनकडं. कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात सर्जरीची ओपीडी आहे, चामखिळीसारखं वाटत असेल तर त्वचारोगाची. तिथं कुशीवर झोपवतात, बघतात, ग्लोव्ह्ज आणि जेली लावून बोटानं तपासतात, लागलं तर प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालतात, काही मिनिटांचं काम. बायकांनी लेडी डॉक्टर किंवा सोबत सिस्टर पाहिजे असं स्पष्ट सांगा, त्यात लाजायचं काय. भिंतीवरच्या इंजेक्शनवाल्याकडं जायच्या आधी त्याची डिग्री विचारा, नको ते औषध टोचून जागा सडल्याच्या आणि संडासचं तोंड आवळल्याच्या केसेस सर्जन लोकांकडं येतात. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर पाकीट सोबत न्या, आणि नुसत्या तपासणीसाठी उपाशी राहायची गरज नाही.