फिन आणि मंद पंखा: मिश्र अभिसरणातल्या या चुका टाळा

हीट सिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पात्यांच्या (फिनांच्या) ठोकळ्यावर, पंखा लावला की बहुतेक जण नैसर्गिक अभिसरण, म्हणजे गरम हवा आपोआप वर जाताना उष्णता नेते ते, विसरून जातात. पंखा जोरात असेल तर ते खपून जातं. पण आवाज नको म्हणून पंखा मंद ठेवला, तर गरम हवेची वर जायची ओढही हिशेबात धरावी लागते.

म्हणून आधी रिचर्डसन अंक काढा, म्हणजे ग्रॅशॉफ अंक (गरम हवेच्या वर जायच्या ओढीचं माप) भागिले रेनॉल्ड्स अंकाचा (पंख्याच्या प्रवाहाच्या जोराचं माप) वर्ग. पंख्याच्या तुलनेत नैसर्गिक प्रवाह किती जोरदार आहे ते यावरून कळतं. ०.१ मीटर उंचीची उभी फिन घ्या, पृष्ठभाग ६५ आणि हवा २५ अंश सेल्सिअस. हवेचा वेग २ मीटर प्रतिसेकंद असेल तर हा अंक ०.०३ च्या आसपास येतो, म्हणजे सगळं काम पंख्याचं. वेग ०.५ वर आणला की अंक ०.५ होतो आणि ०.२ वर थेट ३. ढोबळमानाने ०.१ ते १० हा पट्टा मिश्र अभिसरणाचा, म्हणजे पंखा आणि नैसर्गिक प्रवाह दोन्ही धरायचे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ग्रॅशॉफ अंकातला प्रसरण गुणांक (हवा तापल्यावर किती फुगते ते, १ भागिले तापमान) काढताना तापमान केल्विनऐवजी सेल्सिअसमध्ये घालणं. वरच्या उदाहरणात तेवढ्यानेच उत्तर सातपट फुगतं.

सगळ्यात महाग पडते ती दिशेची चूक. पंखा खालून वर फुंकत असेल तर दोन्ही प्रवाह एकमेकांना साथ देतात आणि दोन नसेल्ट अंकांच्या (पृष्ठभागावरून हवेत उष्णता किती जोमाने जाते त्याचं माप, एक पंख्याचं आणि एक नैसर्गिक प्रवाहाचं) घनांची बेरीज करून घनमूळ घेतलं की कामापुरता अंदाज मिळतो. वरून खाली फुंकत असेल तर बेरजेच्या जागी वजाबाकी येते. दोन्ही अंक सारखे असतील तर हवेत उष्णता अजिबात जात नाही असं हे सूत्र चक्क दाखवतं! तसं प्रत्यक्षात होत नाही, सूत्रच तिथे निकामी होतं. पण फिनांमधली हवा जवळपास अडकून पडते हे मात्र खरं, आणि अशा वेळी पंखा बंद केल्यावर तापमान उतरलं तरी चक्रावू नका. शंका असेल तर पंख्याची दिशा उलटी करून पाहा. वेग तेवढाच असताना तापमान बरंच बदललं, तर नैसर्गिक प्रवाहाचा वाटा मोठा आहे.

जास्त फिन म्हणजे जास्त थंडावा, हाही असाच गैरसमज. वरच्याच उदाहरणात पंखा नसताना दोन फिनांमधलं योग्य अंतर साधारण ६ ते ७ मिलिमीटर येतं. जोरदार पंख्यासाठी दाट केलेल्या फिना मंद पंख्यावर वापरल्या, तर हवा आत न शिरता वरून आणि बाजूंनी निसटते. त्यामुळे समोरून येणाऱ्या हवेचा वेग म्हणजेच फिनांमधला वेग असं धरू नका. बाजूंना पत्रा लावून वाट बंद केल्यावर फरक पडला, तर दोष तिथेच होता.

फिनची कार्यक्षमता (सगळी फिन मुळाइतकीच तापली असती तर जेवढी उष्णता गेली असती, त्याच्या किती टक्के प्रत्यक्षात जाते ते) तपासा, पण ॲल्युमिनियम असेल तर फार डोकं शिणवू नका. १ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब फिन मंद हवेत ९० टक्क्यांच्या वर जाते. स्टेनलेस स्टीलची तेवढीच फिन जेमतेम निम्म्यावर येते.

प्रारण, म्हणजे पृष्ठभागावरून किरणांच्या रूपात बाहेर पडणारी उष्णता, सोडून देणंही चुकीचंच, कारण मंद हवेत त्याचा वाटा दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो. चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा ॲनोडाइझ केलेला (विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढवलेला) पृष्ठभाग कितीतरी जास्त प्रारण करतो. मात्र फिना एकमेकींकडेच तोंड करून असतात, म्हणून सगळं क्षेत्रफळ मोजू नका, बाहेरून दिसणाऱ्या आवरणापुरतंच धरा.

याच चकाकीमुळे इन्फ्रारेड कॅमेरा फसतो. उघड्या ॲल्युमिनियमवर तो आजूबाजूच्या वस्तूंचं प्रतिबिंब मोजतो आणि तापलेली फिन थंड दाखवतो. काळ्या टेपचा तुकडा चिकटवा, तो फिनइतका तापू द्या आणि त्यावरचंच तापमान वाचा.