पॅरामेडिकच्या कोर्सला ‘पॅथो’ कसं वाचावं?

कोर्सला नव्याने आलेली मुलं सीपीआर, स्प्लिंट, डिफिब्रिलेटर यांच्यात रमतात आणि पॅथोफिजिओलॉजी, म्हणजे ‘पॅथो’ (आजारात शरीरात काय आणि कसं बिघडतं याचा विषय), परीक्षेच्या तोंडावर उघडतात. माझ्या मते इथेच गणित चुकतं. हाताची कामं सरावाने बसतातच. पण समोरच्या माणसाच्या शरीरात आत्ता काय चाललंय हे उमगलं नाही, तर हात कुठे चालवायचा आणि कुठे आवरायचा हे ठरवता येत नाही.

कोकणातल्या लाल विंचवाचंच बघा. त्याचं विष मज्जातंतूंवरच्या सोडियम चॅनेल (सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारं) उघड्याच ठेवतं. तंतू थांबायचं नाव घेत नाहीत आणि रक्तात अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हातपाय गार पडतात, घामाच्या धारा लागतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं आणि मग फुफ्फुसांत पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नेमकी ही साखळी ओळखली आणि वाहिन्या सैल करणारं प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. विंचूदंशाने होणारे मृत्यू त्यामुळे झपाट्याने घटले. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता हाच रुग्ण नुसत्या पाठ केलेल्या लक्षणांनी पाहा. गार हातपाय, घाम, वेगाने चालणारी नाडी, म्हणजे शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं). सोडा सलाइन भराभर! आधीच थकलेल्या हृदयावर तो भार पडला, तर फुफ्फुसांत आणखी पाणी चढेल. यादी तीच, पण साखळी वेगळी.

म्हणून प्रत्येक आजाराला एक कोरं पान द्या आणि तीन गोष्टी बाणांनी जोडा: पहिल्यांदा काय बिघडलं, शरीर ते कसं सावरू पाहतंय, आणि ती ताकद संपली की काय दिसेल. मधला प्रश्न सगळ्यात मोलाचा. अॅम्ब्युलन्समध्ये आपल्याला रुग्ण बहुधा त्याच टप्प्यावर भेटतो.

रक्तस्राव घ्या. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं सव्वा लिटर गेलं, तरी आडव्या रुग्णाचं वरचं बीपी जवळपास नॉर्मल दिसू शकतं, कारण नाडी वाढलेली असते आणि वाहिन्या आवळलेल्या असतात. १२०/८० चं ११४/९२ झालं की माझं लक्ष वरच्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधल्या कमी झालेल्या अंतराकडे जातं. त्वचा गार आहे का, श्वास वाढलाय का, रुग्ण अस्वस्थ आहे का, हे लगेच बघायचं. लहान मुलं तर बराच वेळ तग धरतात आणि मग एकदम कोसळतात. आणि घरातून निघताना गोळ्यांची पिशवी मागून घ्या. त्यात मेटोप्रोलोल किंवा अॅटेनोलोल (नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या) असेल, तर रक्त जात असूनही नाडी फारशी वाढणार नाही.

श्वास स्वतः मोजा, पूर्ण मिनिटभर. ‘अंदाजे १८’ लिहायची सवय लागली की सुटत नाही. मधुमेही माणूस खोल, जोरात श्वास घेतोय आणि छाती मात्र स्वच्छ ऐकू येतेय, तर तो कीटोअॅसिडोसिस असू शकतो. रक्तातलं आम्ल वाढल्यामुळे शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकत असतं. ‘घाबरलाय’ म्हणून त्याला श्वास हळू घ्यायला लावणं म्हणजे त्याचा उरलेला आधार काढून घेणं. तिथे आधी शुगर तपासा.

हे सगळं समजायला फिजिओलॉजी (निरोगी शरीर कसं चालतं तो विषय) पक्की लागते. निदान हृदय, फुफ्फुस, किडनी हे तीन धडे पॅथोच्या आधी संपवा. फार्मा (औषधशास्त्र) मग निम्मी सोपी होते.

कॅज्युअल्टी पोस्टिंगमध्ये रुग्ण सोपवून लगेच निघू नका. सिनियरच्या परवानगीने दुसऱ्या दिवशी विचारा की ईसीजी, एक्स-रे, रिपोर्टमध्ये काय निघालं. मग आपलं पान काढा आणि जो बाण चुकला असेल, तो लाल पेनाने दुरुस्त करा.