ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी: जुन्या पेट्रोल गाडीसाठी तयारीची यादी

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली, ॲव्हरेज पडलं, पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त आला, की गॅरेजमध्ये पहिला संशय ऑक्सिजन सेन्सरवर येतो. हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि त्यावरून ईसीयू पेट्रोल कमीजास्त करतो. पुष्कळदा सेन्सर खरं तेच सांगत असतो आणि बिघाड भलतीकडे असतो. म्हणून ही तयारी नवा सेन्सर आणण्याच्या कितीतरी आधी सुरू करा.

आधी गाडीत सेन्सर किती आणि कुठे आहेत ते पाहून ठेवा. कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० ला तो नसतोच. बीएस-३ (भारत स्टेज-३ प्रदूषण नियम) काळातल्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाल्या गाड्यांना बहुधा एकच असतो, मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) अलीकडे. नंतरच्या गाड्यांना कन्व्हर्टरच्या पलीकडे दुसराही असतो. वायरी मोजा. चार असतील तर एकाच रंगाच्या दोन हीटरच्या. बॉश आणि एनटीकेच्या सेन्सरवर त्या सहसा पांढऱ्या, सिग्नलची काळी आणि अर्थची करडी. डेन्सोच्या सेन्सरवर हीटरच्या काळ्या, सिग्नलची निळी, अर्थची पांढरी. हे रंग सेन्सरकडच्या बाजूचे. कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) पलीकडे गाडीच्या वायरिंगचे रंग वेगळे असू शकतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

स्कॅनर मिळाला तर उत्तम, पण त्याच्यावर फार भरवसा ठेवून बसू नका. आपल्याकडे ओबीडी (गाडीने स्वतःच बिघाड ओळखून कोड देण्याची यंत्रणा) एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ बरोबर आलं, तेही आधी मोजक्या शहरांत. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यांत होती. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांशी स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बोलतच नाही. कोड मिळाला तर नीट वाचा. पी०१३५ म्हणजे पुढच्या (कन्व्हर्टरच्या अलीकडच्या) सेन्सरच्या हीटरचं सर्किट, तेव्हा पहिल्यांदा फ्यूज बघा. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. हा कोड बघून सेन्सर बदलणं म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे.

आता सेन्सरला फसवणाऱ्या गोष्टी एकेक करून बाद करा. यात घाई नको, पैसे वाचतात ते इथेच. थंड इंजिनावर मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी काळ्या काजळीची रेघ दिसते का बघा. सुरू केल्याबरोबर तिथून फटफट आवाज येतो का ऐका. धूर ठोक्याठोक्याने बाहेर पडतो, दोन ठोक्यांच्या मध्ये त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो आणखी पेट्रोल सोडतो. गाडी पेट्रोल पिते, प्लग काळे पडतात, दोष मात्र सेन्सरवर येतो. तडकलेले व्हॅक्यूम होज, चोंदलेला एअर फिल्टर, झिजलेले प्लग हेही त्याच वेळी उरकून घ्या.

जुन्या गाडीला सीएनजी किट असेल तर आणखी एक गोष्ट बघावीच लागते. पूर्वीच्या साध्या किटांसोबत लॅम्डा एम्युलेटर नावाची छोटी डबी सिग्नलच्या वायरीवर बसवत आणि ती ईसीयूला खोटा सिग्नल देत असे. किट काढलं तरी डबी राहून गेलेली असू शकते. तपासणी पेट्रोलवरच करा.

तपासणीला डिजिटल मल्टिमीटर हवा, काट्याचा नको. थंड गाडीवर कपलर सोडवून हीटरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. प्रकारानुसार तो साधारण २ ते १५ ओहम येतो. अजिबात न दाखवला तर हीटर तुटला. सिग्नलच्या वायरीवर ओहम कधीच मोजू नका. मग कपलर जोडा, त्याच्या मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून सिग्नल पकडा. वायरीचं आवरण टोचू नका. गाडी पूर्ण गरम होऊ द्या, कारण झिर्कोनियाचा सेन्सर ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापल्याशिवाय नीट बोलत नाही. रेस २००० आरपीएमवर दोन मिनिटं धरा आणि आकडा बघा. पुढचा सेन्सर चांगला असेल तर व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत खालीवर होतं, दहा सेकंदांत अनेकदा ०.४५ ओलांडतं. आळसावून वरखाली होणारा सेन्सर म्हातारा झाला. एकाच जागी अडकलेला असेल तर लगेच निकाल देऊ नका. झटक्यात रेस द्या, आकडा ०.८ च्या वर जायला हवा. एक व्हॅक्यूम होज काढा, ०.२ च्या खाली यायला हवा. दोन्हीकडे चटकन गेला तर सेन्सर ठीक आहे, मिश्रणाचा बिघाड शोधा. कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचं व्होल्टेज मात्र बऱ्यापैकी स्थिर असायला हवं, त्यावरून त्याला मेलेला ठरवू नका. काही गाड्यांत वेगळ्या प्रकारचा, एअर-फ्युएल सेन्सर असतो, त्याला हे आकडे लागू नाहीत. हे सगळं उघड्यावर करा, बंद गॅरेजात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

बदलायचं ठरलं तर सेन्सर शनिवारीच आणा. रविवारी स्पेअर पार्टची बहुतेक दुकानं बंद असतात. जुन्याच्या अंगावरचा नंबर जुळवा. कपलर जुळणारा सेन्सर थोडा महाग पडला तरी तोच घ्या, असं माझं ठाम मत आहे. युनिव्हर्सल सेन्सरच्या वायरी जोडाव्या लागतात, आणि बरेच सेन्सर संदर्भाची (धुराशी तुलना करायला लागणारी बाहेरची) हवा वायरीच्या तारांमधूनच आत घेतात. सोल्डर भरला तर ती वाट बुजते. त्याच कारणाने कपलरमध्ये ग्रीस किंवा क्लीनर मारू नका.

हत्यारांत २२ मिमीचा खाच असलेला सेन्सर सॉकेट, लांब दांडा, गंज सोडवणारा स्प्रे, एम१८ × १.५ चा टॅप (आटे साफ करायचं हत्यार), जाड हातमोजे आणि चष्मा. खाली शिरायचं असेल तर जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. कोकणात, खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा सेन्सर मॅनिफोल्डशी अक्षरशः एकजीव झालेला असतो. आदल्या रात्री, थंड असताना स्प्रे मारून ठेवा. सकाळी इंजिन थोडा वेळ चालवून कोमट करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि मग दांड्यावर जोर द्या. हलला की सरळ ओढत बसू नका. पाव फेरा सोडा, थोडा आवळा, परत सोडा. आटे वाचतात ते असेच.

निघालेल्या सेन्सरचं टोक बघा. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरट थर असेल तर कूलंट जळत असेल किंवा कुणीतरी सिलिकॉन सीलंट लावला असेल. यातलं कारण काढल्याशिवाय नवा बसवू नका, तोही तसाच मरेल.

आटे टॅपने हलक्या हाताने साफ करा. नव्या सेन्सरच्या आट्यांवर सहसा आधीच पेस्ट असते. नसेल तर सेन्सरसाठीचीच अँटी-सीझ (आटे अडकू न देणारी पेस्ट) आट्यांवर लावा, टोकाला नाही. हातातून पडलेला सेन्सर वापरू नका, आतलं सिरॅमिक तडकतं. आधी हाताने फिरवा, वायर पिळू देऊ नका, मग साधारण ४० न्यूटन-मीटरला आवळा. वायर क्लिपांत परत अडकवा, सायलेन्सरला टेकता कामा नये.

मग बॅटरी जोडा, तेच मोजमाप पुन्हा करा आणि दोन-तीन दिवस गाडी नेहमीच्या रस्त्यावर चालवून मगच पीयूसीला न्या. बीएस-४ गाडीच्या स्लिपवर जास्त आरपीएमचा लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे बरोबर) ०.९७ ते १.०३ मध्ये आला का तेवढं बघा.