पावसाळ्यात औषधी वनस्पतींचे चूर्ण सादळू नये म्हणून

अश्वगंधा, शतावरी, आवळा, शेवग्याचा पाला यांचे चूर्ण करून विकणाऱ्या उत्पादकांसाठी जून ते सप्टेंबर हे चार महिने सर्वांत जोखमीचे असतात. मुळी अखंड असते तोवर हवा तिच्या सालीपाशीच अडते. दळल्यावर मात्र कण न् कण उघडा पडतो आणि तोच माल ओल कितीतरी लवकर धरतो. शार्ङ्गधरसंहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथात चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, म्हणजे त्याचा गुण कमी होतो, असे सांगितले आहे. आजच्या वेष्टनांमुळे ही मुदत वाढली असली, तरी ते निरीक्षण आजही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. म्हणून पावसाळ्यात माल कडक वाळवून अखंडच ठेवावा आणि तीन-चार आठवड्यांच्या मागणीपुरताच दळावा.

दळण्यापूर्वी मुळी हाताने मोडून पाहावी. ती न वाकता कटकन तुटली पाहिजे. चूर्णातील ओलावा ८ टक्क्यांच्या आत असावा.

पुष्कळदा माल बिघडतो तो साठवणुकीत नव्हे, तर दळल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात. पल्व्हरायझरमधून, म्हणजे दळण्याच्या यंत्रातून, चूर्ण गरम बाहेर पडते. ते तसेच पिशवीत भरून सील केले, तर थंड होताना पिशवीच्या आतल्या बाजूला बारीक दव धरते आणि आठवडाभरात तोंडाशी गाठी होऊ लागतात. चूर्ण कोरड्या, बंद खोलीत स्वच्छ ट्रेमध्ये पातळ पसरून पूर्ण निवू द्यावे आणि निवल्याबरोबर भरावे, कारण रात्रभर उघडे राहिले तरी ते सादळतेच. मुसळधार पावसाच्या दिवशी भरणी पुढे ढकललेली बरी.

साध्या पातळ पॉलिथिनमधून बाष्प आणि प्राणवायू हळूहळू आत शिरतात, शिवाय साठवणुकीतले लालसर तपकिरी भुंगेरे ते पोखरतात. त्यामुळे अॅल्युमिनियम फॉइलचा थर असलेली बहुस्तरीय पिशवीच वापरावी. पारदर्शक बरणी दुकानात उठून दिसते, पण उजेडाने हळदीतील कुर्कुमिन आणि शेवग्याच्या पाल्याचा हिरवा रंग दोन्ही उतरतात. आवळा आणि शतावरी फार ओल धरतात, म्हणून त्यांच्या पिशव्या लहान ठेवाव्यात आणि आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी घालावी. वनस्पतीचे नाव, वापरलेला भाग, लॉट (एकाच वेळी दळलेला माल) क्रमांक आणि दळल्याची तारीख प्रत्येक पिशवीवर असावी. खोकी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत.

शेवग्याला पाला भरपूर येतो तो नेमका याच दिवसांत, जेव्हा सावलीत तो वाळत नाही. विजेवरचा ड्रायर नसेल, तर या काळात पाल्याची पूड करण्याचा मोह टाळावा. दोन दिवस अर्धवट ओला राहिलेला पाला काळवंडतो आणि त्यात बुरशी शिरते.

कुबट वास आलेला लॉट पुन्हा उन्हात वाळवून विकू नये. वाळवल्याने ओल जाते, पण बुरशीने सोडलेले अफ्लाटॉक्सिन हे विष मात्र चूर्णातच राहते आणि घेणारा माणूस बहुधा आधीच आजारी असतो. असा लॉट बाजूला काढून नष्ट करावा आणि ती खोली झाडून, पुसून, कोरडी करूनच पुढचा माल आत घ्यावा.